सेल्टिक्स आणि बॉस्टन: दोन रकान्यांच्या कालरेषेच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२४

कामाची रूपरेषा नक्की झाली. बॉस्टनजवळच्या आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी भिंतीवर लावायची कालरेषा करायची आहे. डावा रकाना एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्स संघाचा, उजवा बॉस्टन शहराचा, मध्ये सालं. शेजारी एक मोठा नकाशा. सुरुवात १९४६, म्हणजे वॉल्टर ब्राउन यांनी संघ काढला ते वर्ष. शेवट यंदाचं अठरावं विजेतेपद. ९ नोव्हेंबरच्या दिवाळी कार्यक्रमात सभागृहात लागली पाहिजे.

लिहिण्याचा नियम एकच ठेवला आहे: प्रत्येक नोंदीत कुणी काय ठरवलं हे आलंच पाहिजे. 'वातावरण तापलं', 'तेढ वाढली' अशी बिनकर्त्याची वाक्यं चालणार नाहीत. या शहराचा वर्णद्वेष लोक हवामानासारखा सांगतात, समुद्रावरून आला आणि पसरला. शाळा कुणी वेगळ्या ठेवल्या, कर्ज कुणी नाकारलं, अर्जावर सह्या कुणी केल्या, आणि दुसरीकडे संघात कुणी कुणाला घेतलं, हे सगळं माणसांनी ठरवलेलं आहे. मुलांना ते तसंच दिसावं.

१२ सप्टेंबर

क्रम सोडून आज १९७४ चा उजवा रकाना लिहायला घेतला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा एकत्र आणण्यासाठी बॉस्टनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने शाळेच्या बसगाड्या सुटल्या, त्याला आज ५० वर्षं झाली.

मजकूर असा बांधला. १९६५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला की ज्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं गौरेतर आहेत ती शाळा असमतोल समजावी आणि शहराने त्यावर उपाय करावा. बॉस्टनच्या शाळा समितीने तो उपाय वर्षानुवर्षं टाळला. लुईस डे हिक्स या समितीच्या सदस्य आणि काही काळ अध्यक्ष. शाळा वेगळ्या आहेत हे मान्यच करायचं नाही, यावर त्या निवडणुका जिंकत राहिल्या. १९७२ मध्ये कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले. २१ जून १९७४ रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला: समितीने जाणूनबुजून दोन वेगळ्या शाळाव्यवस्था चालवल्या आहेत. १२ सप्टेंबरला रॉक्सबरीची कृष्णवर्णीय मुलं बसने साउथ बॉस्टनच्या शाळेत गेली. परतीच्या वाटेवर गाड्यांवर दगड पडले, काचा फुटल्या, मुलं जखमी झाली.

यात एक वाक्य मी हट्टाने ठेवलं आहे. साउथ बॉस्टनची गोरी मुलंही गरीबच होती आणि त्यांच्याही शाळा चांगल्या नव्हत्या. त्याने दगडांचं समर्थन होत नाही. पण शहरातल्या दोन सर्वांत गरीब वस्त्यांची मुलं एकमेकांसमोर उभी केली गेली आणि सुस्थितीतली उपनगरं या सगळ्याबाहेर राहिली, हे सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. उपनगरांवर नकाशाच्या वेळी परत यायचं आहे.

१५ सप्टेंबर

डावा रकाना, १९५०. २५ एप्रिलच्या खेळाडू निवडीत संघाचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी दुसऱ्या फेरीत ड्यूकेन विद्यापीठाच्या चक कूपरचं नाव घेतलं. लीगमध्ये त्याआधी एकाही कृष्णवर्णीय खेळाडूची निवड झालेली नव्हती. दुसऱ्या एका मालकाने आठवण करून दिली की हा मुलगा काळा आहे. ब्राउन यांचं उत्तर प्रसिद्ध आहे: तो पट्ट्यापट्ट्यांचा असो, चौकड्यांचा असो नाहीतर ठिपक्यांचा, मला काय त्याचं, बॉस्टनने त्याला घेतलं आहे.

त्याच हंगामात रेड आउरबाख प्रशिक्षक म्हणून आले. पुढची बरीच वर्षं संघ या दोघांच्या विचाराने चालला.

कूपरच्या नोंदीत त्याचा गोरा सहखेळाडू बॉब कूझीही हवाच. नॉर्थ कॅरोलायनात हॉटेलने कूपरला खोली नाकारली, तेव्हा कूझी त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने निघाला. स्टेशनावर गोऱ्यांचं आणि काळ्यांचं स्वच्छतागृह वेगळं होतं. ती पाटी पाहून आपल्याला गोरं असण्याची लाज वाटली, हे कूझीने पुढे आयुष्यभर सांगितलं.

२१ सप्टेंबर

बिल रसेल. सगळी कालरेषा या माणसाभोवती उभी राहणार, म्हणून आठवडाभर दुसरं काही घेतलं नाही.

डावा रकाना सोपा आहे. जन्म १९३४, लुईझियानातलं मन्रो. वाढ कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन डिसेंबरात सेल्टिक्समध्ये दाखल. १३ हंगामांत ११ विजेतेपदं: १९५७, मग १९५९ ते १९६६ सलग आठ, नंतर १९६८ आणि १९६९. शेवटची दोन खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. २६ डिसेंबर १९६४ रोजी सेंट लुईसमध्ये संघाने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले: रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स आणि विली नॉल्स. लीगमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. टॉम हाइनसन जखमी होता, आउरबाखना पाचवा चांगला खेळाडू हवा होता, त्यांनी नॉल्सला उतरवलं. बस्स. मला या प्रसंगातला हा साधेपणाच मोलाचा वाटतो. १९६६ मध्ये रसेल प्रशिक्षक झाले, लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. पत्रकाराने विचारलं, गोऱ्या खेळाडूंबद्दल मनात आकस न ठेवता काम करता येईल का? उत्तर एका शब्दाचं होतं: हो. असा प्रश्न कुठल्याही गोऱ्या प्रशिक्षकाला कधी विचारला गेला असेल असं मला वाटत नाही.

आता त्याच वर्षांचा उजवा रकाना.

रसेल कुटुंब बॉस्टनच्या उत्तरेला रेडिंग गावात राहायचं. १९६३ मध्ये गावाने त्यांच्या सन्मानार्थ 'बिल रसेल दिन' साजरा केला. पुढे त्यांनी त्याच गावात जरा बऱ्या वस्तीत मोठं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी त्याविरुद्ध अर्जावर सह्या गोळा केल्या. कचऱ्याचे डबे रात्री पाडले जायचे. तक्रार केली तर पोलिस म्हणायचे, रकून असतील. एकदा कुटुंब बाहेरगावी असताना घर फोडलं गेलं. भिंतींवर शिव्या, ट्रॉफ्यांचा चुरा, आणि पलंगावर विष्ठा. मुलगी कॅरन हिने मोठेपणी हे जाहीरपणे लिहिलं.

विष्ठेचा उल्लेख ठेवायचा का, यावर मांडणी करणाऱ्या ताईंशी फोनवर बोलणं झालं.

"अगं, दिवाळीचा कार्यक्रम आहे. आजी-आजोबा येणार, लहान मुलं येणार."

"ताई, 'घराची नासधूस झाली' असं लिहिलं तर वाचणारा पुढच्या चौकटीकडे जाईल. या माणसाने या शहराला तोवर किती विजेतेपदं दिली होती, आणि त्याच्या पलंगावर काय टाकलं होतं, हे एका ओळीत आलं पाहिजे."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठेव. पण अक्षर लहान करू नकोस, नाहीतर लपवल्यासारखं दिसेल."

'मी सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नाही,' असं रसेल सांगत. हे वाक्य दोन्ही रकान्यांच्या मधोमध, सालांच्या पट्टीवर छापायचं.

२३ सप्टेंबर

रसेल यांचा शहराच्या लढ्यातला भाग स्वतंत्र चौकटीत घेतला. ते शहरावर रागावून घरी बसले होते असा समज व्हायला नको. १८ जून १९६३ रोजी हजारो कृष्णवर्णीय मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला आणि चर्चमध्ये, समाजमंदिरांत भरलेल्या पर्यायी वर्गांना गेली. रसेल त्या मुलांशी बोलायला गेले. नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांच्या हत्येनंतर मिसिसिपीत जाऊन गोऱ्या आणि काळ्या मुलांचं एकत्र शिबिर घेतलं. रॉक्सबरीत त्यांचं 'स्लेड्स' नावाचं खाणावळीवजा रेस्टॉरंट होतं. १९६६ मध्ये रॉक्सबरीतल्या एका शाळेच्या समारंभात त्यांनी बजावलं की जी आग रॉक्सबरीला गिळेल ती बॉस्टनलाही गिळेल. गॅरिटींच्या निकालाला तेव्हा अजून आठ वर्षं होती.

२८ सप्टेंबर

प्रेक्षकांची चौकट. सेल्टिक्स खेळायचे त्या बॉस्टन गार्डनची क्षमता १३,९०९. सलग विजेतेपदं मिळवणाऱ्या संघाला साखळी सामन्यांत ती क्वचितच भरता आली. त्याच इमारतीत सतत हरणाऱ्या ब्रुइन्स या हॉकी संघाची तिकिटं मात्र संपायची. बॉस्टन हॉकीचं गाव आहे, बास्केटबॉल तेव्हा नवा होता, हे खरंच. पण १९७० नंतर गोऱ्या ताऱ्यांच्या काळात हाच खेळ याच गावाला आपलासा वाटला, तेव्हा एवढं उत्तर पुरत नाही.

रेड सॉक्स या शहराच्या बेसबॉल संघाला एक ओळ: कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये फेनवे पार्कवर चाचणीला येऊन गेला, संघाने त्याला घेतलं नाही, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू पंप्सी ग्रीन १९५९ मध्ये आला, आणि तोवर बाकीच्या सगळ्या मोठ्या बेसबॉल संघांनी हा टप्पा ओलांडला होता. शहर एकच, वर्तमानपत्रं तीच, प्रेक्षक तेच. एका मालकाने १९५० ला ठरवलं, दुसऱ्याने १९५९ पर्यंत टाळलं.

५ ऑक्टोबर

नकाशा. आज सर्वांत जास्त वेळ यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

आधी बिंदू लावले: कॉजवे स्ट्रीटवरचं गार्डन, रॉक्सबरी, साउथ बॉस्टन, सिटी हॉलसमोरचा चौक, रेडिंग, वेलस्ली. मग शहराची हद्द गडद रेषेने काढली. रेषा काढल्यावर दिसलं की रसेल यांचं रेडिंग तिच्या बाहेर आहे. वेलस्लीही बाहेर. सप्टेंबर १९९० मध्ये सेल्टिक्सचा नवाकोरा खेळाडू डी ब्राउन आपल्या वाग्दत्त वधूबरोबर वेलस्लीत गाडीत बसला होता. पोलिसांनी त्याला बँक लुटणारा समजून बंदुका रोखल्या आणि रस्त्यावर पालथं झोपवलं. बँकेतल्या कुणाला तरी तो चोरासारखा वाटला होता. पुढच्या फेब्रुवारीत डी ब्राउन लीगची डंक स्पर्धा (उंच उडी मारून चेंडू थेट टोपलीत घालण्याची) जिंकला आणि देशभर त्याचं कौतुक झालं.

या रेषेवर कायद्याची मोहोरही आहे. २५ जुलै १९७४ रोजी, म्हणजे बॉस्टनच्या बसगाड्या सुटायच्या सात आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की भेदभावात उपनगरांचा स्वतःचा हात सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या शाळांच्या उपायात ओढता येणार नाही. बॉस्टनची गडद रेषा त्या दिवशी आणखी पक्की झाली.

रेषेच्या आतही एक रेषा होती. १९६८ मध्ये बॉस्टनच्या बँकांनी मिळून कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी गृहकर्जाची योजना काढली आणि घर कुठे घेता येईल याची हद्द आखून दिली. त्या हद्दीत मुख्यतः डॉर्चेस्टर आणि मॅटापनची ज्यू वस्ती येत होती. दलालांनी तिथल्या लोकांना घाबरवून घरं विकायला लावली, काही वर्षांत वस्ती रिकामी झाली आणि नव्या आलेल्यांच्या गळ्यात महागडी, डागडुजी मागणारी घरं पडली.

आणि आम्ही? इथली बहुतेक मराठी कुटुंबं त्या गडद रेषेच्या बाहेर राहतात. घर घेताना आम्ही पहिल्यांदा शाळांचे क्रमांक पाहिले. तो विचार मुलांसाठीच होता, त्यात मला लाज वाटत नाही. पण चांगली शाळा आणि हद्द यांचं नातं आम्ही इथे येण्याआधीच कुणीतरी बांधून ठेवलं होतं, आणि आम्ही त्या नात्याचे लाभार्थी आहोत, हे आमच्या मुलांना आमच्याकडूनच कळलं पाहिजे. म्हणून नकाशावर आमच्या मुलांची गावंही येणार, बारीक ठिपक्यांनी.

मेटको कार्यक्रमाची नोंद इथेच: १९६६ मध्ये रूथ बॅटसन आणि इतर पालक-कार्यकर्त्यांनी उभा केला; बॉस्टनची २२० मुलं सात उपनगरांच्या शाळांत स्वेच्छेने बसने जाऊ लागली. त्या सातांत वेलस्ली होतं. लेक्सिंग्टनही. आमच्या मुलांच्या वर्गात मेटकोची मुलं आजही आहेत.

९ ऑक्टोबर

५ एप्रिल १९६८. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची दुसरी रात्र. सेल्टिक्स फिलाडेल्फियात उपांत्य मालिकेचा पहिला सामना खेळत होते. दोन्ही संघांत खेळायचं की नाही यावर चर्चा झाली, शेवटी खेळले. इकडे त्यांच्या रिकाम्या गार्डनमध्ये गायक जेम्स ब्राउन यांची मैफल. महापौर केव्हिन व्हाइट आणि नगरसेवक टॉम ॲटकिन्स यांनी ती रद्द न करता दूरचित्रवाणीवर थेट दाखवायची व्यवस्था केली, लोक घरी बसून पाहत राहिले, आणि इतर अनेक शहरं जळत असताना बॉस्टन बऱ्यापैकी शांत राहिलं. दोन्ही रकाने एकाच चौकटीत आलेली ही एकमेव नोंद.

१३ ऑक्टोबर

दसरा कालच झाला, आज उरलेलं सत्तरचं दशक.

१२ मार्च १९७२: रसेल यांचा ६ क्रमांक निवृत्त केला गेला, तो प्रेक्षक आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर. रसेल यांचीच तशी अट होती. प्रेक्षकांसमोरचा समारंभ झाला १९९९ मध्ये.

१२ मे १९७४: मिलवॉकीला हरवून विजेतेपद. बरोबर ४० दिवसांनी गॅरिटींचा निकाल.

५ एप्रिल १९७६: टेड लँड्समार्क हे कृष्णवर्णीय वकील बैठकीसाठी सिटी हॉलकडे चालले होते. बसविरोधी निदर्शनातल्या गोऱ्या तरुणांनी त्यांना मारहाण केली, नाक मोडलं; एकाने राष्ट्रध्वजाची काठी त्यांच्यावर रोखली. स्टॅन्ली फोरमन यांनी टिपलेल्या त्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. दोनच महिन्यांनी, ४ जूनच्या रात्री, त्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेल्टिक्स आणि फिनिक्सचा सामना तीनदा जादा वेळेत गेला. गार्डन खच्चून भरलं होतं. दोन दिवसांनी विजेतेपद. जो जो व्हाइट मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, कृष्णवर्णीय.

खेळ माणसांना जोडतो, हे वाक्य मुलांनी शाळेत शंभरदा ऐकलेलं असतं. १९७६ ची ही चौकट त्यांनी नीट वाचावी. त्या रात्री गार्डनमध्ये जो जो व्हाइटसाठी घसा फोडणाऱ्यांत एप्रिलच्या मोर्चातलेही असू शकतील. टाळ्या खऱ्याच असतात. पण शाळा समितीची बैठक वेगळ्या इमारतीत होते, कर्जाचा अर्ज वेगळ्या टेबलावर मंजूर होतो, आणि तिथे टाळ्यांचं काही चालत नाही.

रसेल यांचा पुतळा २०१३ मध्ये सिटी हॉलच्या याच चौकात बसला. नकाशावर एकाच बिंदूला दोन सालं द्यायची: १९७६, २०१३.

१९ ऑक्टोबर

ऐंशीचं दशक. यावर आमच्यात खरी वादावादी झाली. सत्तरच्या दशकात इथे शिकायला आलेले एक काका मजकूर तपासून देतात. सेल्टिक्सचा तेव्हाचा गोरा तारा लॅरी बर्ड त्यांचा देव.

"गोऱ्यांचा संघ म्हणतेस? प्रशिक्षक कोण होता? के. सी. जोन्स! पॅरिश, डेनिस जॉन्सन, मॅक्सवेल कोण होते?"

"काका, ते सगळं डाव्या रकान्यात आहे. पण १९८६ च्या विजेत्या संघात बारापैकी आठ गोरे होते, आणि लीगमध्ये तेव्हा साधारण तीन चतुर्थांश खेळाडू कृष्णवर्णीय. रॉक्सबरीची पोरं लॉस एंजेलिसच्या लेकर्सच्या बाजूने ओरडायची, हेही लिहायला नको?"

"आउरबाख जिंकण्यासाठी माणसं घ्यायचा, रंग बघून नाही."

"बरोबर. पण तिकीट घेणारे रंग बघत होते."

काकांचं म्हणणं मी पुसलेलं नाही. दोन्ही बाजू छापल्या आहेत. ज्या संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू निवडला, पहिलं कृष्णवर्णीय पंचक उतरवलं, पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमला, त्याच संघाला देशातल्या अनेक कृष्णवर्णीय घरांनी गोऱ्यांचा संघ मानलं. ते संघाच्या कार्यालयाकडे पाहत नव्हते. १९७४ च्या बसवर पडणारे दगड त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते.

२२ ऑक्टोबर

आज टीडी गार्डनमध्ये अठरावं निशाण वर चढलं, न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्याआधी. मुलं जागी होती. डाव्या रकान्याची शेवटची चौकट पूर्ण: १७ जून २०२४, अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू जेलन ब्राउन.

२ नोव्हेंबर

पाडवा. सकाळी फराळ, दुपारी उजव्या रकान्याचा शेवट.

आकडा एकच घेतला आहे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या अहवालात बृहद् बॉस्टनमधल्या गोऱ्या कुटुंबांची मध्यक (निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) निव्वळ संपत्ती २,४७,५०० डॉलर आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीयांच्या कुटुंबांची ८ डॉलर. आठ हजार नव्हे, आठ. घराचं कर्ज कुणाला मिळालं आणि कुणाला कुठल्या हद्दीत मिळालं, याचा हिशेब दोन पिढ्यांनी असा उतरतो. ५ ऑक्टोबरच्या नकाशापासून या आकड्यापर्यंत एक लाल रेघ ओढायची, असं ताईंना कळवलं.

शेजारी जेलन ब्राउन. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर तो बॉस्टनहून १५ तास गाडी चालवून अटलांटाला गेला आणि मोर्चाच्या पुढे राहिला. २०२३ मध्ये ३०.४ कोटी डॉलरपर्यंतचा करार झाला, तेव्हा तो बोलला ते बॉस्टनमधल्या संपत्तीच्या दरीबद्दल. यंदा त्याने 'बॉस्टन एक्स्चेंज' हा उपक्रम सुरू केला, वंचित वस्त्यांतल्या उद्योजकांना भांडवल आणि मार्गदर्शन देण्यासाठी. रसेल यांनी शाळेबद्दल बोलायला सुरुवात केली होती, हा पैशाबद्दल बोलतो आहे. बरोबर जागी बोट ठेवतो आहे असं मला वाटतं.

एका पालकांनी सुचवलं होतं की दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंची चौकट जोडावी. मैदानावर टाळ्या आणि चहाच्या वेळी वेगळा कप, हे पुण्यातही झालंच की. सूचना मनापासून पटली, पण या भिंतीवर नको. बाळूंना स्वतःची भिंत हवी, त्यांचे स्वतःचे दोन रकाने. बॉस्टनच्या कडेला चिकटवलं तर दोघांवरही अन्याय होईल. पुढच्या वर्षीच्या कामांत पहिलं नाव तेच लिहिलं आहे.

९ नोव्हेंबर

कालरेषा लागली. सभागृहाची लांब भिंत पुरली.

मुलं रसेल यांच्या पलंगाच्या ओळीपाशी थांबत होती. एकाने विचारलं, मग ते बॉस्टन सोडून का नाही गेले? गेले, म्हटलं, १९६९ मध्ये खेळ संपवला आणि पुढे पार पश्चिमेला, वॉशिंग्टन राज्यात राहिले, २०२२ पर्यंत. एका मुलीचा प्रश्न जास्त अवघड होता: लेक्सिंग्टनने १९६६ ला बॉस्टनची मुलं घेतली, पण किती घ्यायची हे कुणी ठरवलं? मला उत्तर देता आलं नाही, आणि प्रश्न आमच्या नियमात अगदी चपखल बसतो.

म्हणून पुढचं काम ठरलं. प्रत्येक मुलाने आपापल्या गावच्या वाचनालयात जाऊन शाळा समितीची जुनी इतिवृत्तं पाहायची: मेटकोवर मतदान झालं का, केव्हा झालं, बाजूने कोण बोललं, विरोधात कोण, किती जागा दिल्या. ज्या गावाने कार्यक्रमात भाग घेतला नाही, तिथे त्याची कारणं शोधायची. उत्तरं नकाशावर त्या त्या ठिपक्याशेजारी लावू. लेक्सिंग्टन त्या मुलीकडे, वेलस्ली ताईंच्या मुलाकडे. रेडिंगमध्ये आमच्या शाळेचं कुणी राहत नाही, तिथे मी जाणार आहे.